पस्तीस आणि वरची एक

शाळेत सगळे त्यांना मोजणीबाई म्हणत. तोंडावर नुसतं 'बाई'. पण पाठीमागचं नाव त्यांनाही ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना राग नव्हता. चौथी 'ब'च्या त्या वर्गशिक्षिका. पोरं कुठेही निघाली, पटांगणात म्हणा, प्रयोगशाळेत म्हणा, की बाई दाराच्या चौकटीत उभ्या राहायच्या आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक डोक्यावर दोन बोटं टेकवायच्या. ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. परत येताना पुन्हा तेच. काही पोरं मुद्दाम वाकून जायची. बाई त्यांचा कान धरून त्यांना मागे आणायच्या आणि मगच पुढे जाऊ द्यायच्या.

यामागे एक जुनं दुखणं होतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी त्या पोरांना घेऊन एका बागेत सहलीला गेल्या होत्या. परतताना गाडीत नजरेनेच मोजलं, चाळीस भरले, गाडी निघाली. एक उपद्व्यापी पोरगा जागा बदलत होता, तो दोनदा मोजला गेला होता. मागे राहिलेली मुलगी दीड तासाने सापडली, कारंज्याच्या कठड्यावर, मांडीवर रिकामा डबा घेऊन बसलेली. ती रडली नाही, बोलली नाही, नुसती बाईंकडे बघत राहिली. त्या बघण्याने बाईंना पुढे कित्येक वर्षं पोखरलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तशा त्या हात लावल्याशिवाय पोर मोजेनाशा झाल्या.

अशा बाईंच्या हातून पुढची गोष्ट घडली, म्हणून ती सांगायची.

त्या वर्षी वर्गात छत्तीस मुलं होती. त्यांतली एक दोन्ही पायांत पट्ट्यांचे बूट घालायची आणि कुबड्यांवर चालायची. वर्गाने तिचं नाव 'वकील' ठेवलं होतं, पायांमुळे नव्हे, तोंडामुळे. तिच्याशी वाद घालून कुणी जिंकल्याचं ऐकिवात नव्हतं. वर्ग दुसऱ्या मजल्यावर. तिचे वडील शिलाई मशीन दुरुस्त करत. रोज सकाळी घंटेच्या आधी ते तिला पाठीवर घेऊन दोन जिने चढायचे, बाकावर बसवायचे, आणि शाळा सुटल्यावर पाठीवरूनच खाली न्यायचे. वर्ग खाली हलवा म्हणून बाईंनी दोनदा मोठ्या सरांना, म्हणजे मुख्याध्यापकांना, विनवलं होतं. खाली ऑफिस, खाली बालवाडी. "पुढच्या वर्षी बघू," एवढंच उत्तर मिळालं होतं.

पण तिच्याशी कसं वागायचं हे वर्गाला बाईंनी शिकवलं होतं, आणि मन लावून शिकवलं होतं. दर शनिवारी एक तास त्या त्यासाठीच ठेवायच्या. कुणाची भाषा वेगळी, कुणाचा रंग वेगळा, कुणाच्या घरी आई नाही, कुणाला ऐकू कमी येतं. सगळ्यांवर बोलणं व्हायचं. बाहेरच्या भिंतीवर पोरांच्या रंगीत हातांचे ठसे होते आणि वर मोठ्या अक्षरांत 'आपल्यातलं कुणी मागे राहणार नाही'. तपासणीला आलेले साहेब त्या भिंतीपुढे थांबून फोटो काढून गेले होते. वकिलीणबाईंचं पाणी भरायला, दप्तर उचलायला पोरांत भांडणं लागायची.

मोठ्या सरांना मात्र एकच वेड होतं, आगीच्या सरावाचं. महिन्यातून एकदा घंटा तुटक तुटक वाजायची आणि सगळी शाळा रांगेने पटांगणात. सर पायरीवर स्टॉपवॉच घेऊन उभे. आजूबाजूच्या शाळांमध्ये सगळ्यांत लवकर रिकामी होणारी शाळा म्हणून ऑफिसात प्रमाणपत्र लावलं होतं. "दोन मिनिटं पंचावन्न!" सर ओरडायचे, जणू स्वतःच धावून आलेत.

पहिल्या सरावाच्या आदल्या दिवशी वकील म्हणाली, "बाई, मीपण खाली येणार."

"अगं, नुसता सराव असतो. जिन्यात ढकलाढकली झाली म्हणजे?"

"मग त्यांना सांगा, ढकलू नका म्हणून."

"वकीलसाहेब, जरा ऐका. तुम्ही खिडकीत बसा. रांग कोण मोडतंय ते वरून बघा. तुमची साक्ष लागेल मला."

तेव्हा ती हसली होती. तिसऱ्या सरावापर्यंत तिचं हसणं थांबलं होतं. पण बाईंच्या ते लक्षात आलं नाही, किंवा आलं आणि त्यांनी बाजूला सारलं. सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "त्या मुलीमुळे जिना तुंबायला नको."

पहिल्या सरावात पटांगणात मॉनिटरने मोजणी केली. हा मॉनिटर म्हणजे वर्गाचा 'फौजदार', बारीक अंगाचा, मोठ्या आवाजाचा. तो ओरडला, "पस्तीस!" लगेच रांगेतून एक मुलगी कळवळून म्हणाली, "आणि ती? ती राहिली की वर!"

बाई तिथल्या तिथे म्हणाल्या, "तिला धरून मोजायचं. ती आपल्यातली नाही का? ज्याला येता येत नाही त्याला मोजणीतून वगळायचं नसतं."

पोरांनी वर बघून हात हलवले. खिडकीतून एक हात हलला. "पस्तीस आणि वरची एक, छत्तीस!" फौजदार म्हणाला. बाईंचे डोळे पाणावले. आपण पोरांना काहीतरी चांगलं दिलं असं त्यांना वाटलं. त्या वाटण्यात तसूभरही खोट नव्हती, हीच त्यातली वाईट गोष्ट.

पुढच्या सरावांत 'पस्तीस आणि वरची एक' म्हणायलाही वेळ नको म्हणून नुसतं 'छत्तीस' उरलं.

*

तो दिवस परीक्षेनंतरचा. गुणपत्रकं द्यायला बाई खाली ऑफिसात गेल्या होत्या. वर्ग फौजदाराच्या हवाली. साडेअकराला घंटा तुटक वाजू लागली. "आज सराव आहे?" बाईंनी विचारलं. क्लार्कने खांदे उडवले. मोठे सर गडबडीने स्टॉपवॉच शोधत बाहेर आले, म्हणजे त्यांनाही माहीत नव्हतं.

घंटा शिपाईमामांनी वाजवली होती. पहिल्या मजल्यावरच्या खेळाच्या खोलीत उड्या मारायच्या गाद्या रचलेल्या असत. त्यांच्या मागच्या प्लगने पेट घेतला होता. गाद्यांना ज्वाळा कमी आणि धूर फार. खोली पुढच्या जिन्याकडे. पोरं उतरायची मागच्या जिन्याने. त्यामुळे उतरताना कुणाला धूर दिसला नाही. पोरं हसत, एकमेकांच्या पाठोपाठ, शिकवल्याप्रमाणे उतरली.

बाई पटांगणात पोचल्या तोवर चौथी ब रांगेत उभी होती. तेवढ्यात शिपाईमामा धावत आले, "सर, खरी आग आहे! मेन स्विच बंद केला. बंबाला फोन केलाय!" पटांगणात पोरांची कुजबुज उठली. सरांचा चेहरा पांढराफटक. त्यांनी हातातलं पॅड उघडलं आणि एकेका वर्गाला विचारत सुटले.

"तिसरी अ?"

"एकतीस."

"तिसरी ब?"

"चौतीस."

"चौथी अ?"

"तेहतीस."

"चौथी ब?"

"छत्तीस!" फौजदार ओरडला.

"छत्तीस," बाई म्हणाल्या.

हात लावला नाही. बोटं टेकवली नाहीत. जीभ सवयीने वळली. सरांनी लिहिलं, पुढे सरकले, आणि शेवटचा वर्ग झाल्यावर मोठ्याने म्हणाले, "सगळे बाहेर! आता कुणीही आत जायचं नाही. कुणीही!"

आता पुढच्या जिन्याच्या खिडक्यांतून काळा धूर लोंबायला लागला होता. बाई बघत होत्या. डोक्यात काहीतरी टोचत होतं, पण काय ते कळत नव्हतं. घरातून निघताना गॅस बंद केला की नाही हे आठवेना की होतं तसं. मग त्यांच्या शेजारी रांगेत हालचाल झाली. त्यांच्या वर्गाने, दर वेळच्या रिवाजाप्रमाणे, वर बघून हात हलवायला सुरुवात केली होती.

दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून एक हात त्यांना उत्तर देत होता.

  बाईंच्या हातातली गुणपत्रकं कुठे पडली ते नंतरही कुणाला सांगता आलं नाही. त्या धावल्या. छपन्नाव्या वर्षी, गुडघ्यांची दुखणी घेऊन, मागच्या जिन्याकडे धावल्या. मागून सरांचा आवाज आला, "बाई! अहो बाई, कुठे?" त्यांनी वळून पाहिलं नाही.

पहिल्या मजल्याच्या वळणावर धूर होता. अजून दाट नव्हता, पण बोळातून मागच्या जिन्याकडे वळत होता. पदर नाकाशी धरून त्या वर गेल्या. वर्गात वकील खिडकीशी बाकावर बसली होती.

"बाई, आज केवढा वेळ लावताय सगळे! आणि वास कसला येतोय?"

"चल. चल लवकर. खरी आग आहे."

क्षणभर ती बाईंकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पण फौजदार छत्तीस ओरडला. मी ऐकलं. मी तर इथे आहे."

 बाईंनी तिच्या काखेत हात घालून तिला उचलायला पाहिलं. नऊ वर्षांची पोर, त्यात लोखंडी पट्ट्यांचे बूट. दाराशी येईतो बाईंच्या कमरेत कळ गेली आणि दोघी चौकटीवर आदळल्या.

"सोडा, बाई! सोडा मला! तुम्ही पडाल आणि मलाही पाडाल. मी उतरते."

"कशी उतरशील?"

"बसून. घरी रोज उतरते की. आमचं घर वरच्या मजल्यावर आहे, माहीत नाही तुम्हाला?"

माहीत होतं. म्हणजे ऐकलं होतं. शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात ती अशी बसून एक जिना उतरली होती, आणि बाईंनीच तिला थांबवलं होतं. "असं फरशीवरून घसटत जायचं नाही हं. बरं दिसत नाही. आपल्याकडे उचलणारी माणसं आहेत." त्यानंतर वडील जिन्यापर्यंत न थांबता थेट वर्गात यायला लागले होते.

वकीलने कुबड्या जिन्यावरून खाली ढकलून दिल्या. त्या खडखडत गेल्या. मग ती वरच्या पायरीवर बसली, दोन्ही तळहात मागे टेकले, अंग उचललं, खाली सोडलं. उचललं, सोडलं. बाईंना वाटलं होतं त्याच्या कितीतरी जोरात. बुटांच्या पट्ट्या प्रत्येक पायरीवर खणखणत होत्या.

"तुम्हीपण बसा," ती ओरडली. "वर धूर जास्त आहे. खाली कमी आहे."

खरंच, खाली डोळे उघडता येत होते. मोजणीबाई साडी गुडघ्यांत गोळा करून तिच्या शेजारी पायरी पायरी उतरू लागल्या. एका वळणाला वकीलला जोराचा खोकला आला आणि ती थांबली. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तो हात त्यांनी मग उचलला नाही. पहिल्या मजल्याच्या वळणावर काहीच दिसेना. पायरी कुठे संपते ते पावलाने चाचपावं लागलं. "पाच राहिल्यात," वकील खोकत म्हणाली, "मग भिंत. मग बारा." बाईंनी त्या जिन्याच्या पायऱ्या तीस वर्षांत कधी मोजल्या नव्हत्या.

भिंतीशी शिपाईमामा भेटले, तोंडाला ओलं फडकं, हातात दुसरं. उरलेल्या बारा पायऱ्या तिघांनी मिळून उतरल्या. उजेडात आल्यावर मामा म्हणाले, "बाई, तुमचे केस जळालेत का पांढरे झालेत काही कळत नाही," आणि हसता हसता रडायला लागले.

*

आग वीस मिनिटांत विझली. खेळाची खोली आणि बोळाची भिंत काळी झाली, बाकी काही नाही. बातमी मात्र वाऱ्यासारखी पसरली होती. फाटकाशी पालकांची गर्दी. त्यांत वकीलचे वडील, तसेच दुकानातून आलेले, हात तेलाने काळे.

मोठे सर पायरीवर उभे राहून सांगत होते, "काळजीचं कारण नाही. तीन मिनिटांच्या आत पूर्ण शाळा बाहेर. सरावाचं फळ! सगळी मुलं मोजून, नावानिशी." त्यांनी पॅड उंच धरलं.

वकील बाकड्यावर बसून पाणी पीत होती. वडिलांनी तिच्या काळ्या पडलेल्या तळहातांकडे पाहिलं, स्कर्टकडे पाहिलं.

बाई पुढे आल्या. "सर, ते खरं नाही."

"बाई, आत्ता नको," सर हळू आवाजात म्हणाले.

"आत्ताच."  त्या वडिलांकडे वळल्या. "तुमची मुलगी बाहेर नव्हती. वर होती."

"वर म्हणजे?"

"वर्गात. एकटी."

"किती वेळ?"

"दहा मिनिटं. जास्तही असतील."

"आणि तुम्हाला माहीत नव्हतं?"

इथे 'नव्हतं' म्हणता आलं असतं. गोंधळ होता, त्या ऑफिसात होत्या, मॉनिटरने चुकीचं सांगितलं. सगळं खरंच होतं. बाईंनी ओठ ओले केले.

"माहीत होतं. दर सरावाला ती वरच असते. मीच ठेवते. आणि खाली ती आहे असं मोजते. आजही मोजलं."

 "मी तिला तुमच्या भरवशावर वर ठेवून जातो, बाई," वडील म्हणाले. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

मागे फौजदार हुंदके देत होता. "मीच म्हटलं छत्तीस. पण बाईंनी सांगितलं होतं... तिला धरून म्हणायचं... तिला वाईट वाटू नये म्हणून."

बाई खाली बसल्या, त्याच्या उंचीला. "तू मी शिकवलं तेच म्हटलंस. चुकीचं मी शिकवलं." मग सगळ्या वर्गाकडे बघून म्हणाल्या, "ऐकलंत ना? बाई चुकल्या."

पोरं अवघडून उभी होती. एवढ्या मोठ्या माणसाने असं म्हटल्यावर काय करायचं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

नंतर ऑफिसात सरांनी दार लावून घेतलं. "तुमच्याच तोंडचं छत्तीस लिहिलंय मी. असू द्या की. कुणाला काही झालंय का?"

"खोडा ते."

"चौकशी लागेल. दोन वर्षं राहिलीत तुमची. शिक्का घेऊन निवृत्त व्हायचंय?"

"लागू दे. पस्तीस लिहा. आणि ती वर का होती तेही लिहा. जिना तुंबू नये म्हणून."

शेवटचे शब्द सरांना बरोबर लागले. त्यांनी पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं.

चौकशी लागली. बाईंना लेखी समज मिळाली, सरांनाही. प्रमाणपत्र भिंतीवरून उतरलं. वर्ग खाली हलवायचं ठरलं, पण ते सुट्टीनंतर, तोवर वरच. वकील चार दिवस शाळेत आली नाही. पाचव्या दिवशी वडील तिला पाठीवर घेऊन आले, बाकावर बसवलं, आणि बाईंकडे न बघता गेले. पुढे महिनाभर ते बघत नव्हते.

पुढच्या सरावाआधी बाईंनी शनिवारचा तास काहीच न शिकवता काढला. त्या मागच्या बाकावर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "कसं उतरायचं ते वकील सांगेल."

"एक, मला कुणी उचलायचं नाही," वकील म्हणाली. "दोन, मी बसून उतरणार. बरं दिसो न दिसो."

"पण तू पुढे असलीस तर आम्ही सगळे अडकू," एक जण म्हणाला.

"मग मागे राहते."

"मागे राहिलीस तर पुन्हा विसरतील," फौजदार चटकन म्हणाला.

"मग मधे. म्हणजे मागच्यांना मला टाकून जाताच येणार नाही."

"आणि आम्ही जळायचं?"

 बाईंच्या जिभेवर शनिवारचं नेहमीचं वाक्य आलं होतं, ते त्यांनी गिळलं. प्रश्न खरा होता.

वकील विचारात पडली. "मी भिंतीकडून. तुम्ही कठड्याकडून. जिन्यात दोघं मावतात."

"नाही मावत."

"मावतात. पैज?"

सगळे जिन्यावर गेले आणि मावून पाहिलं. मावत होते, दप्तर नसलं तर.

सरावाच्या दिवशी घोटाळा झालाच. कुबडी दोघांच्या पायांत गेली, एक मुलगी रडली, खाली बाकीचे वर्ग उन्हात ताटकळत कुरकुरत होते. बाई सगळ्यांत शेवटी उतरल्या आणि मोजल्याशिवाय एक शब्द बोलल्या नाहीत. प्रत्येक डोक्यावर दोन बोटं, शेवटी घामेजलेल्या, धुळीने भरलेल्या वकीलच्या डोक्यावर. सर स्टॉपवॉच बघत म्हणाले, "चार मिनिटं चाळीस." त्यांनी ते तसंच लिहिलं.

"बाई, पुन्हा करायचं," वकील म्हणाली. "फौजदाराने माझ्या बोटावर पाय दिला. हे धरत नाही मी."

पुन्हा करायचं तर आधी वर जायला हवं. त्याचा विचार कुणीच केला नव्हता. वडील तर दुपारी यायचे. वकील पायरीला पाठ करून बसली आणि हातांनी स्वतःला वर ओढू लागली. वर जाणं उतरण्याच्या तिप्पट कठीण होतं. तिसऱ्या पायरीवर ती दम खायला थांबली. कठड्याच्या बाजूने वाट मोकळी होती, पण पुढची पोरं थांबली, मागचीही थांबली. कुणीतरी म्हणालं, "सावकाश कर, काय घाई आहे?" त्यावर ती म्हणाली, "सावकाशच चाललंय, दिसत नाही का?"

बाई तळच्या पायरीवर उभ्या होत्या. घंटा झाली, पुढचा तास सुरू झाला, वरून कुणी शिक्षक डोकावून गेला. बाई तिथून हलल्या नाहीत.